अंतर बरोबर, वेळ भलतीच, आणि मोपा विमानतळाचा पत्ताच नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं हे ॲप फुकट आहे, म्हणूनच अजून फोनमध्ये आहे.

गोवा–लंडन (गॅटविक विमानतळ) टाका. ७,५७० किलोमीटर, ८ तास ५४ मिनिटं. थेट विमानाला मात्र दहा तासांच्या आसपास किंवा वरच लागतात. भागाकार करून बघा, ताशी ८५० येतात. कुठलीही दोन शहरं द्या, वेग हाच. मुंबई–गोवा ४२५ किलोमीटर, म्हणून उत्तर काय, तर अर्धा तास! धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या, मग जागेवर लागणं, यातच अर्धा-पाऊण तास जातो. अंतर कितीही असो, हा वेळ जवळपास तेवढाच. त्यामुळे छोट्या प्रवासात ॲप जास्त तोंडघशी पडतं.

वाऱ्याचं नावच नाही. लंडनला जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. सरासरी ताशी ६० किलोमीटर धरला तरी जाताना चाळीसेक मिनिटं वाढतात, येताना पस्तीसेक वाचतात. शिवाय ॲपची रेषा अरबी समुद्रावरून सरळ पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर चढते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हाही ती रेषा जागची हलली नाही. (गोव्याहून हा वळसा दिल्लीच्या मानाने कमी, हे आपलं नशीब.)

सुरुवातीला 'अंतरसुद्धा चुकीचं' म्हणून एकच तारा दिला होता. तो शेरा मागे घेतो. अंतर चोख आहे, आणि थांबा घेऊन जाणाऱ्या तिकिटांची तुलना करायला फार कामाचं. गोवा–दुबई २,२१३, दुबई–गॅटविक ५,४७३, बेरीज ७,६८६. म्हणजे थेट रेषेपेक्षा जेमतेम ११६ किलोमीटर जास्त. 'दुबईमार्गे लांबचा फेरा पडतो' हे खरं नाही. वेळ खातो तो मधला थांबा. स्वस्त तिकीट दिसलं तर किलोमीटर सोडा, थांब्याचे तास बघा.

पोचण्याची वेळ मात्र ॲपवरून कुणाला कळवू नका. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि आपल्यातला फरक साडेचारवरून साडेपाच तास होतो. ॲप बारा महिने साडेचारच धरतं. जानेवारीत गोव्याहून दुपारी एकला निघून साडेदहा तास लागले, तर तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. ॲपचा साडेचारचा फरक धरला तर सात. न्यायला येणारा तासभर उशिरा पोचणार.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण 'गोवा' म्हटलं की दाबोळीचा जुना विमानतळच! मोपाहून ५ जानेवारी २०२३पासून प्रवासी विमानं उडताहेत, त्याची दखल नाही. आकाशात दोन्ही विमानतळांत ३९ किलोमीटर, तीन मिनिटांचा मामला. जमिनीवर तसं नाही. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, मोपा साठच्या वर. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणकराला तर अख्खा गोवा ओलांडायचा. चुकीच्या विमानतळावर टॅक्सी गेली, तर तिथून दुसरीकडे धावताना भाडं नव्याने आणि विमान गेलं ते गेलंच. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. टॅक्सी सांगण्याआधी तेवढी अक्षरं वाचा.

'मोपा घाला' असं तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: जाहिराती नको असतील तर पैसे भरून सदस्य व्हा.