०.३ डेसिबेलच्या नावाखाली गळ्यात मारलेला एलएनए

उपग्रहाचे सिग्नल पकडायला एलएनए (लो नॉइज अँप्लिफायर, म्हणजे अँटेनातला क्षीण सिग्नल कमीत कमी नॉइज मिसळून मोठा करणारा डबा) घेणार असाल तर आधी हे वाचा, मग पैसे काढा. मला ०.३ डेसिबेल नॉइज फिगरचा (डबा स्वतःचा किती नॉइज मिसळतो त्याचं माप; जितकं कमी तितकं चांगलं) म्हणून विकलेला डबा मोजल्यावर २ डेसिबेलचा निघाला. फरक किरकोळ वाटतो ना? हाच नॉइज तापमान म्हणून केल्विनमध्ये मांडा: २१ च्या जागी १७०.

डेमोतच खटकायला हवं होतं. विक्रेत्याने स्विच दाबला, स्क्रीनवरची नॉइजची रेघ ३० डेसिबेलने वर उडाली आणि तो म्हणाला, "बघा, किती ऐकतोय!" मी चक्क मान डोलावली! अहो, रेघ उडाली ती गेनमुळे, म्हणजे डबा किती पट मोठं करतो त्यामुळे. गेन सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच फुगवतो. तिथल्या तिथे डिश जमिनीकडून आकाशाकडे फिरवायला लावली असती, तर बिंग फुटलं असतं. जमीन २९० केल्विन; थंड आकाश, साइडलोबमधून (डिश मुख्य दिशेखेरीज आजूबाजूचंही थोडं ऐकते, त्यातून) शिरणाऱ्या जमिनीच्या उष्णतेसकट, माझ्या डिशला साधारण ३०. खऱ्या मालावर रेघ जवळजवळ ८ डेसिबेल उतरते. माझी उतरली ३.६.

पण डेटाशीटवर सुबक आलेख छापलेला असताना विक्रेत्यासमोर डिश कोण फिरवत बसतं? (आलेखावर फ्रिक्वेन्सीच नव्हती. अशा आलेखाला हातही लावू नका.)

जाब विचारला तर म्हणे, "जमिनीवरच्या लिंकला मस्त चालतो." चालणारच! क्षितिजाकडे रोखलेल्या अँटेनात २९० केल्विन आधीच भरलेले, तिथे ही लबाडी १.७ डेसिबेलमध्ये खपून जाते. आकाशाकडे तीच ५.९ होते. तेवढं भरून काढायला डिशचा व्यास जवळपास दुप्पट हवा. मग केबलवर खापर. एलएनएच्या आधी १ डेसिबेल खाणारी केबल ७५ केल्विन वाढवते, हे खरं. म्हणूनच हा बहाणा पटतो. माझा डबा थेट फीडला (डिशसमोरच्या, सिग्नल गोळा करणाऱ्या अँटेनाला) होता, मध्ये केबलच नव्हती. बसवतानाचे फोटो काढून ठेवा.

तक्रारीची तर वेगळीच कथा. फॉर्ममध्ये पर्याय तीनच: वस्तू तुटली, रंग वेगळा, मिळालीच नाही. मोजमाप जोडलं, तर उत्तर आलं: "दोषाचा स्पष्ट फोटो पाठवा." नॉइजचा फोटो! ग्राहक तक्रार कक्षातल्या साहेबांनी विचारलं, सुरू होतो का? होतो म्हटल्यावर फाइल बंद. रेडिओ परवान्याच्या कार्यालयात सांगितलं, आम्ही दुसऱ्याच्या ट्रान्समीटरचा त्रास बघतो, तुमच्या रिसीव्हरचा नाही. मग १७० केल्विन कोणाच्या खात्यात येतात, ते एकदा लिहून तरी द्या!

डबा आता दुसऱ्या, नीट मोजून घेतलेल्या एलएनएच्या मागे जोडलाय. पुढच्याचा गेन २० डेसिबेल, त्यामुळे याचे १७० केल्विन शंभराने भागून १.७ उरतात.