साल्हेरच्या मुक्कामाला कोणती दूध पावडर?

नाशिकहून साल्हेर किल्ल्यावर मुक्कामी निघताना सॅकमधलं वजन मोजून घ्यावं लागतं. चढ १५६७ मीटरपर्यंतचा! फुल क्रीम दूध पावडरीत किमान २६ टक्के स्निग्धांश, १०० ग्रॅममागे सुमारे ५०० कॅलरी. स्किम्ड पावडरीत स्निग्धांश जेमतेम दीड टक्का, कॅलरी साडेतीनशेच्या आसपास. म्हणून वरच्या गुहेत नाचणीची खीर किंवा शेवया रटरटत असतील तर मला फुल क्रीमच हवी. पोटाला आधार मिळतो. फक्त गार पाण्यात तिच्या गुठळ्या होतात. कोमट पाण्यात आधी थोडी कालवावी, मग पातेल्यात ओतावी. उन्हाळ्यात ती लवकर खवट होते, तेव्हा फोडलेला पुडा महिनोन्‌महिने ठेवू नका. स्किम्ड जास्त टिकते, चहापुरती ठीक. डेअरी व्हाइटनर मात्र वेगळं, त्यात बहुधा साखर असते.