बसवलेली गाडी पुन्हा उभी करताना: मूळ उंचीच्या स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बर संचाचा अनुभव

गाडी खाली बसवणे आणि गाडी खाली बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी५ कॅम्पर व्हॅनच्या वाट्याला दोन्ही आल्या होत्या. ती साधी मालवाहू व्हॅन असताना आधीच्या मालकाने दिसायला रुबाबदार म्हणून आखूड स्प्रिंगा टाकून ती सुमारे ४० मि.मी. खाली आणली होती. पुढे त्याच स्प्रिंगांवर पलंग, कपाटे, फ्रिज, जादा बॅटरी, गॅसची टाकी आणि पाण्याची टाकी असा सगळा संसार चढला. परिणामी मागची बाजू इतकी खाली गेली की फरशीखालची सांडपाण्याची टाकी प्रत्येक गतिरोधकाला घासू लागली आणि झोपताना डोके पायांपेक्षा खाली राहू लागले. गाडी पाहायला गेलो तेव्हा टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे यातले काहीही नजरेला आले नव्हते.

पहिला उपाय मी स्वस्तातला केला आणि तो फसला. मागच्या स्प्रिंगांखाली जाड चकत्या बसवल्यावर उंची वाढली खरी, पण शॉकअॅब्सॉर्बर खाली बसवलेल्या गाडीसाठीचे, म्हणजे आखूडच होते. गाडी वर गेल्यामुळे ते जवळजवळ पूर्ण ताणलेल्या अवस्थेत राहू लागले. चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरली नाही, आणि प्रत्येक खोलगट जागी मागून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला. चकतीने उंची मिळते, प्रवास मिळत नाही. इथे प्रवास म्हणजे चाकाची वरखाली हालचाल. शिवाय स्प्रिंगची ताकद आहे तेवढीच राहते, त्यामुळे वजन चढले की गाडी पूर्वीइतकीच दबते, फक्त थोड्या वरच्या पातळीवरून.

त्यानंतर जो संच घेतला, त्याचे हे परीक्षण आहे. त्यात मूळ उंचीच्या पण जड वजनासाठी बनवलेल्या चार स्प्रिंगा, त्यांना जुळणारे चार पूर्ण लांबीचे शॉकअॅब्सॉर्बर, नवे बंप स्टॉप (चाक फार वर आल्यास धक्का झेलणारे रबरी ठोकळे) आणि पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या, वरच्या टोकाची बेअरिंगे येतात. बंप स्टॉप सोबत असणे मला विशेष महत्त्वाचे वाटले, कारण गाडी खाली बसवताना ते बहुधा कापून लहान केलेले असतात, आणि स्प्रिंगा बदलल्या तरी कापलेला तुकडा तसाच राहिल्यास पूर्ण भारावर शॉकअॅब्सॉर्बर आतून आपटण्याची शक्यता राहते. माझ्या गाडीतले बंप स्टॉप निम्मेही उरले नव्हते.

विक्रेत्याची सर्वांत चांगली गोष्ट अशी की त्याने गाडीचे नाव विचारण्याआधी प्रत्येक ॲक्सलवरचे वजन विचारले. टी५ हे मॉडेल २००३ ते २०१५ या काळात तयार होत होते आणि त्यात टी२८, टी३०, टी३२ असे अनुक्रमे २.८, ३.० आणि ३.२ टन एकूण वजनमर्यादेचे प्रकार होते, त्यामुळे ‘टी५ची स्प्रिंग’ या शब्दांना एकट्याने फारसा अर्थ नाही. मी टाक्या भरून, सामान चढवून गाडी वजनकाट्यावर नेली, आधी फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवली. पुढे १,३९० आणि मागे १,२९० किलो भरले. अंदाजाने स्प्रिंग निवडणे किती महागात पडते हे साध्या गणिताने दिसते: एखादी स्प्रिंग १ मि.मी. दबायला ५० न्यूटन लागत असतील आणि तिच्यावर १०० किलो जादा आले, तर ती साधारण २० मि.मी. दबेल. ज्या गाड्यांत स्प्रिंग सस्पेन्शनच्या आर्मवर (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर) चाकाच्या अलीकडे बसते, तिथे चाकापाशी हा फरक आणखी वाढतो. याच्या उलट चूकही तितकीच त्रासदायक आहे; गरजेपेक्षा ताठ स्प्रिंग घेतल्यास गाडी मागून उंच राहते आणि कपाटातली भांडी दिवसभर वाजत राहतात.

संचाबद्दल माझी तक्रार सूचनापत्राविषयी आहे. एका पानावर चार अस्पष्ट आकृत्या आणि स्प्रिंगचे कोणते टोक वर ठेवायचे, एवढेच त्यात आहे. ज्या बाबीवर पुढे सगळे अडले, तिचा उल्लेखही नाही.

ती बाब म्हणजे बुश. सस्पेन्शनच्या आर्ममधला रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला पक्का चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि त्यानंतर आर्मची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. म्हणून हे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे असतात. मी ज्या गॅरेजमध्ये काम दिले तिथल्या मेकॅनिकने स्प्रिंगा सफाईने बदलल्या, स्प्रिंग दाबण्याचे धोकादायक काम योग्य साधनाने केले, एकदा वापरून टाकून द्यायचे बोल्टही नवे लावले. मात्र बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळत असतानाच आवळून टाकले. घरी येऊन मोजले तेव्हा मागची बाजू अपेक्षेपेक्षा ९ मि.मी. वर होती, कारण पिळलेले रबर आर्मला खाली ढकलत होते. तसेच सोडले असते तर काही महिन्यांत बुश फाटले असते आणि उंचीही पुन्हा बदलली असती. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: ज्या आर्मना हात लावायची गरजच पडली नाही, त्यांचे बुशही जुन्या, खालच्या उंचीला आवळलेले असतात, त्यामुळे तेसुद्धा सैल करून नव्या उंचीवर आवळावे लागतात. दाखवून दिल्यावर गॅरेजने वाद न घालता, जादा पैसे न घेता सगळे पुन्हा केले, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

मोजमापाबद्दल थोडे सांगतो, कारण बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप टायरची हवा आणि झीज यांवर अवलंबून असते. चाकाच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंतचे माप घेतल्यास तो घोळ राहत नाही. गाडी जॅकवरून उतरवल्यावर ती थोडी पुढेमागे सरकवल्याशिवाय खरी उंची दिसत नाही. या पद्धतीने, सुमारे ५०० किलोमीटर चालवून स्प्रिंगा रुळल्यानंतर, माझ्या गाडीत पुढे ३८ आणि मागे ५२ मि.मी. वाढ मिळाली. व्हील अलाइनमेंट मी त्यानंतरच करून घेतली, कारण उंचीबरोबर चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा तिरपेपणा) आणि टो (वरून पाहता आत-बाहेर वळलेपणा) हे दोन्ही कोन बदलतात. मागची बाजू वर आल्याने हेडलाइटचा झोत खाली गेला होता, तोही वर घ्यावा लागला. गाडी खाली बसवताना अँटी-रोल बारच्या (वळणावरचा कल कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) आखूड लिंक टाकलेल्या असतील तर त्याही मूळ लांबीच्या घ्याव्यात; हा संच त्या देत नाही.

चालवण्यातला फरक मला वाटला होता त्याहून वेगळा निघाला. उंच झालेली गाडी वळणावर जास्त कलेल अशी भीती होती. पण पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी फार खाली आणली की खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर तिरपे होतात आणि गाडी ज्या केंद्राभोवती कलते ते केंद्र गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जाते, त्यामुळे कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते; ताठ स्प्रिंगा ती फक्त झाकतात. आता कल किंचित जाणवतो, पण तो सावकाश येतो आणि एका जागी स्थिरावतो. खराब रस्त्यावर चाके काम करतात आणि घर शांत राहते. टाक्या रिकाम्या व गाडी हलकी असताना मागचे शॉकअॅब्सॉर्बर लहान धक्क्यांवर जरा कडक वाटतात, आणि रोजच्या कामाला रिकामी व्हॅन वापरणाऱ्याने हा संच घेऊ नये असे माझे मत आहे. त्याला एक पायरी हलकी स्प्रिंग पुरेल.

डाव्या आणि उजव्या बाजूत अजून ६ मि.मी. फरक आहे. पाण्याची टाकी डावीकडे आहे आणि ती रिकामी केल्यावर तो २ मि.मी. उरतो, म्हणून गॅरेजने डावीकडे चकती घालण्याची तयारी दाखवली तेव्हा मी नको म्हटले.