तट्ट कास दाखवून दगडीची गाय गळ्यात मारली

गाय विकताना दलालाने तीन गोष्टी दाखवल्या: तट्ट भरलेली कास, बादलीभर दूध आणि त्याच बादलीतल्या दुधाची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधात द्रावण घालून दगडी ओळखायची) चाचणी. तिन्ही खऱ्या होत्या, तरीही गाय सुप्त दगडीची, म्हणजे वरून सहज न दिसणाऱ्या कासेच्या दाहाची निघाली. हा डाव सगळीकडे चालतो, म्हणून कसा रचतात ते सविस्तर लिहितो.

विक्रीआधी एक धार चुकवून दूध तुंबवतात. कास डोळ्यांत भरते, बादलीत दोन वेळचं दूध येतं आणि कासेतल्या गाठी ताणाखाली लपतात. त्यामुळे समोर काढलेली पहिली धार मोजण्यात अर्थ नाही. ती पूर्ण काढून घ्या आणि लगेच रिकामी कास चाचपा. निरोगी कप्पा (कासेचा एका सडाचा भाग) सैल पडतो, कातडीला घड्या पडतात. जुनी दगडी असलेला कप्पा दूध काढल्यावरही घट्ट राहतो, आत गाठ हाताला लागते. पुढच्या दोन धारा बारा-बारा तासांनी काढायला लावा. गाईचं दूध किती ते त्यावरून ठरवा.

खरी मेख चाचणीत होती. दगडी झाली की दुधात पेशी (मुख्यतः पांढऱ्या पेशी) वाढतात आणि चाचणी त्याच दाखवते. समजा तीन कप्प्यांत मिलिलिटरला 1 लाख पेशी आहेत आणि चौथ्यात 8 लाख. दूध सारखं मिसळलं तर सरासरी पावणेतीन लाख येते. आजारी कप्पा दूधही कमी देतो, म्हणजे आकडा आणखी खाली जातो आणि बादलीतल्या दुधाला चाचणीत जेमतेम चिकटपणा येतो. बादलीतल्या दुधाची चाचणी दाखवणारा माणूस अडाणी नसतो, हे पक्कं समजा.

चाचणी सडागणिक करा. पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या ताटलीत टाकून गुठळ्या दिसतात का बघा. मग पॅडलच्या (चाचणीच्या खास ताटलीच्या) चार वाट्यांत चार सडांचं दूध घ्या, तिरकं करून प्रत्येकी साधारण 2 मिलि ठेवा, तेवढंच सीएमटीचं द्रावण घाला आणि गोल फिरवा. निकाल 20 सेकंदांच्या आत वाचायचा, कारण हलका चिकटपणा फिरवत राहिल्यावर नाहीसा होतो. द्रावणातला साबण पेशी फोडतो आणि आतल्या डीएनएमुळे दूध घट्ट होतं. आजार जितका जास्त तितका मधोमध जेलीसारखा गोळा जमतो.

‘नुकतीच व्यायली आहे, म्हणून चिकट येतं’ हे उत्तर हमखास मिळतं. व्यायल्यानंतरचे पहिले काही दिवस पेशी वाढलेल्या असतात हे खरं, पण त्या चारही कप्प्यांत वाढतात. एकाच वाटीत गोळा जमला तर ते उत्तर मान्य करू नका.

दुसरी लबाडी औषधाची. सडात अँटिबायोटिकची ट्यूब आणि वर सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं की गुठळ्या, सूज, वेदना काही दिवस दिसत नाहीत. अशा दुधात औषधाचा अंश असतो, विरजण नीट लागत नाही. तुमच्या एका गाईपायी सगळ्या टाकीचं दूध नाकारलं जाऊ शकतं. असं दूध प्रयोगशाळेत तपासलं तर जंतूही उगवत नाहीत, म्हणून शेवटची ट्यूब कधी सोडली ते तारखेसह लिहून घ्या. विकणारा लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर तिथेच थांबा.

घेतलेल्या गाईचं दूध जंतूंसाठी प्रयोगशाळेत तपासायला द्या, अहवाल येईपर्यंत तिला वेगळी बांधा, तिची धार सर्वांत शेवटी काढा आणि प्रत्येक गाईला वेगळं फडकं वापरा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दगडी करणारा जंतू हातातून, फडक्यातून, मशीनच्या कपातून पसरतो. तो दुधात रोज सापडेलच असं नाही. पहिला अहवाल निर्दोष आला तरी काही दिवसांनी सड स्पिरिटने पुसून, पहिल्या चिळकांड्या सोडून, निर्जंतुक बाटलीत पुन्हा नमुना घ्या आणि बर्फात ठेवून तपासणीला पाठवा.