क्लिप्श ला स्काला (१९७७): अकरा महिन्यांनंतर, मुख्यतः बाजूच्या फळ्यांबद्दल

गेल्या रविवारी माझ्या ला स्कालांच्या, म्हणजे क्लिप्श कंपनीच्या मोठ्या हॉर्न स्पीकरांच्या जोडीत ओकच्या चार पाचरी ठोकल्या आणि अकरा महिने डोक्यात घर करून बसलेली घूं थांबली. खर्च नऊ डॉलर चाळीस सेंट. त्याआधी याच घूंपायी तीनशेच्या वर डॉलर चुकीच्या ठिकाणी घातले. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जुनी ला स्काला घ्यायच्या विचारात असाल आणि आपलं शास्त्रीय गाणं ऐकत असाल, तर निदान तुमचे तरी पैसे वाचावेत.

घेतली कशी ते थोडक्यात. टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूजवळ एका घरातलं सामान विक्रीला काढलं होतं. मालक वारले होते, मुलं घर रिकामं करत होती. गॅरेजमध्ये चादरीखाली ही जोडी. कच्चा बर्च, पॉलिश नाही, वरच्या फळीवर रंगाच्या डब्यांचे गोल डाग. मागच्या लेबलावरच्या क्रमांकावरून १९७७ ची निघाली. तेराशे सांगितले, एक हजार पन्नासला दिली. एकेक नग पंचावन्न किलोच्या आसपास. भाड्याचा ट्रक करून दोघा मित्रांच्या मदतीने प्लेनोला घरी आणली.

पहिला महिना तर मी ऑफिसातून घरी यायची घाई करायचो. माझे आधीचे छोटे स्पीकर एका वॅटला ८७ डेसिबल देणारे, ही १०४ देणारी. जेवढ्या आवाजाला त्यांना पन्नास वॅट लागायचे, तेवढ्याला हिला एक पुरतो. पण फायदा नुसत्या मोठ्या आवाजाचा नाही. हॉर्नमुळे पडद्याला फार हलावंच लागत नाही, त्यामुळे हळू आवाजातसुद्धा सगळं शाबूत राहतं. रात्री अकरा वाजता, मुलं झोपल्यावर, कुजबुजीएवढ्या आवाजात तबल्याची किनार स्वच्छ ऐकू येते. भीमसेनजींची तान सुटते तेव्हा स्पीकर तिच्या मागे धापा टाकत धावत नाही. कुमारजी मध्येच एखादा स्वर नुसता स्पर्श करून सोडून देतात, ती सोडण्याची जागा मला या स्पीकरवर पहिल्यांदा नीट कळली. वीस वर्षं ऐकलेल्या रेकॉर्ड होत्या त्या.

आणि मग तंबोरा.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की पुरुष गायक असला की खोलीत काहीतरी घुमतं. बाईचं गाणं लावलं की जवळजवळ नाही. पाश्चात्त्य संगीत लावलं की बिलकुल नाही. आधी वाटलं रेकॉर्डिंग तसं असेल. मग वाटलं खोलीचा कोपरा. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, मागे नेले, गालिचा घातला. घूं तिथंच. तंबोऱ्याची जोडी (मधल्या दोन तारा) छेडली की जोडीबरोबर आणखी कुणीतरी बेसूर गुणगुणतंय असं वाटायचं.

जुन्या क्लिप्शवाल्यांना विचाराल तर शंभरातले नव्वद एकच सांगतात: आधी कपॅसिटर बदला. जुने झाले, सुकले, किमती ढळल्या. मीही ते खरं मानलं. त्यातच जुलैमध्ये डावा ट्वीटर (बारीक, वरच्या आवाजाचा भाग) बंद पडला. मग क्रॉसओव्हरची (खालचा, मधला, वरचा आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटची, कपॅसिटर त्यातच असतात) दोन्ही पॅनेल काढून दुरुस्तीवाल्याकडे दिली. नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन आठवडे म्हणाले, दहा लागले. फोन केला की "पार्ट यायचे आहेत." शेवटी सांगितलं, दोन्ही ट्वीटर गेलेत, जोडीनेच बदलावे लागतील. मी म्हटलं, उजवा तर चांगला वाजतोय! त्यावर उत्तर आलं, "तोही जाईलच." ट्वीटर मी बदलू दिले नाहीत. कपॅसिटरचे आणि मजुरीचे मिळून २८० डॉलर भरले, आणि जुने, तेल भरलेल्या डब्यांसारखे कपॅसिटर परत मागितले तर फेकून दिले म्हणाले. विचारलंसुद्धा नाही. १९७९ मध्ये पीसीबी या विषारी रसायनावर बंदी येण्याआधी अशा तेलाच्या कपॅसिटरमध्ये ते सर्रास असायचं. ते असे कचऱ्यात टाकण्याची वस्तूच नव्हेत. परत मिळाले असते तर मी शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिले असते.

पॅनेल घरी आणून बसवली. डावा ट्वीटर मुकाच! त्या रात्री जेवणही नीट गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर घेऊन बसलो. ज्यांच्याकडे माझ्यासारखं टाइप एए नेटवर्क (क्रॉसओव्हरचा एक प्रकार) आहे त्यांनी हे नीट वाचा. त्यात ट्वीटरच्या संरक्षणासाठी झेनर डायोड आहेत. आवाज मर्यादेबाहेर गेला तर ते विजेला आडवाट देतात. वय झालं की तो झेनर कधी कधी कायमचा शॉर्ट होतो, मग सगळा सिग्नल त्या आडवाटेनेच जातो आणि ट्वीटरच्या वाट्याला काही येत नाही. ट्वीटर ठणठणीत, पण आवाज शून्य. मी डायोडचं एक टोक कापलं आणि स्पीकर लावला. झांजा आल्या. दहा मिनिटांचं काम. दहा आठवडे पॅनेल ठेवून घेणाऱ्याला हे दिसलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. (संरक्षण गेलं हे खरं, पण माझ्या घरच्या आवाजाला ट्वीटरला त्याची गरज नाही. घरात पार्ट्या होत असतील तर नवे डायोड घाला.)

कपॅसिटर नवे, ट्वीटर चालू, आणि घूं जशीच्या तशी. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. ला स्कालामध्ये ४०० हर्ट्झच्या खालचं सगळं वूफरकडे, म्हणजे खालच्या आवाजाच्या भागाकडे जातं. बदललेले कपॅसिटर मधल्या हॉर्नच्या आणि ट्वीटरच्या वाटेवरचे, वूफरच्या वाटेवर फक्त एक कॉईल. तंबोऱ्याच्या जोडीचा मूळ स्वर दीडशेच्याही खाली. म्हणजे जिथं दुखत नव्हतं तिथं मी २८० डॉलरचं औषध लावलं.

मग वूफरचं झाकण. ते ला स्कालाला खालच्या बाजूला असतं, त्यामुळे अख्खा स्पीकर आडवा करावा लागतो. गॅस्केट दबून चपटं झालं होतं. फोमची नवी पट्टी लावली, स्क्रू सारखे आवळले. खालचा आवाज थोडा घट्ट झाला, ते काम वाया नाही गेलं. घूं मात्र हलली नाही. वर रेतीच्या पिशव्या ठेवून पाहिल्या, पायाखाली रबर घालून पाहिलं. सप्टेंबरअखेर मी एका मित्राला स्पष्ट लिहिलं होतं की घेऊ नकोस, या जुन्या हॉर्नांत एक दोष आहे आणि तो जात नाही. ते मत आता मागे घेतो.

ऑक्टोबरमध्ये आई साताऱ्याहून आली. एका संध्याकाळी गाणं चालू होतं. ती स्पीकरशेजारी खुर्ची घेऊन भाजी निवडत बसली होती. मध्येच म्हणाली, "अरे, हे थरथरतंय." मी म्हटलं, आवाज आहे तो. "आवाज नाही रे, फळी. हात लावून बघ." तिने तळहात बाजूच्या फळीवर सपाट ठेवला होता. मी ठेवला. गायकाने षड्ज लावला की फळी तळव्याला गुदगुल्या करत होती. स्वर बदलला की शांत, पुन्हा षड्जावर आला की सुरू. आई म्हणाली, "गिरणीच्या पत्र्याला असंच व्हायचं. दळण पडायला लागलं की ठरावीक वेगालाच पत्रा वाजायचा."

त्या रात्री फोनवर सूर वाजवायचं अ‍ॅप घेऊन बसलो. एक स्टीलचं ताट फळीला टेकवून उभं केलं आणि शंभर हर्ट्झपासून हळूहळू वर गेलो. १३५ ला ताट कुजबुजायला लागलं, १५५ च्या आसपास खणखणलं, १७५ नंतर गप्प. आता हिशेब बघा. काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, पांढरी दोन म्हणजे १४६.८. पुरुष गायकांचा षड्ज बहुतेक याच पट्ट्यात, आणि तंबोऱ्याची जोडी तर नेमक्या त्या षड्जालाच लावलेली! रॉक किंवा जॅझमध्ये बेसवाला त्या स्वरावर क्षणभर येतो आणि पुढे जातो, त्यामुळे तिथल्या श्रोत्यांना हा दोष जाणवला तरी खुपत नाही. आपल्याकडे तोच स्वर तासभर अखंड वाजतो. म्हणून अमेरिकी मंडळींनी "किरकोळ" म्हणून सोडलेला हा दोष आपल्यासाठी पहिल्या नंबरचा आहे.

फळी थरथरते का, याचं कारण या स्पीकरच्या जन्मातच आहे. १९६३ मध्ये कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांनी ला स्काला काढली ती दिवाणखान्यासाठी नव्हे, तर विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या अर्कान्सामधल्या निवडणूक प्रचाराच्या भाषणांसाठी. त्यांच्या आधीच्या क्लिप्शहॉर्न स्पीकरला खोलीचा कोपरा लागतो, इथे उघड्यावर चालणारं, ट्रकवर चढवता येणारं काहीतरी हवं होतं. म्हणून बाजूच्या फळ्या पाऊण इंची प्लायवूडच्या. आतला हॉर्न घडीचा, आणि त्याच्या तोंडाशी या मोठ्या फळ्या मधल्या डॉगहाऊसपासून (वूफर असलेल्या बंद खोक्यापासून) दूर, आधाराशिवाय उभ्या. कंपनीलाही हे माहीत होतं. २००६ च्या ला स्काला टूमध्ये त्यांनी एक इंची एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली फळी) वापरलं.

आम्ही नाताळात अर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला गेलो तेव्हा वाटेत होप गावी थांबलो. डॅलसहून आय-३० वर सरळ जाता येतं. क्लिप्शसाहेब दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना या गावी आले आणि १९४६ मध्ये इथेच कंपनी काढली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या छोट्या इमारतीत त्यांचं संग्रहालय आहे. इतक्या छोट्या जागेतून हे सगळं उभं राहिलं हे बघून मला भरून आलं. माझ्या स्पीकरला नावं ठेवण्याआधी तो कुणी, कशासाठी बनवला हे बघायला हवं होतं.

तर उपाय. एका सुताराने बाहेरून एक इंची एमडीएफ चिकटवायचे ४२० डॉलर सांगितले. ते मला मान्य नव्हतं, पैशासाठीही आणि बर्चवर एमडीएफ थापायचं म्हणूनही. दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे डॉगहाऊस आणि बाजूची फळी यांच्यामध्ये आडवा दांडा गोंदाने बसवायचा. पण पन्नास वर्षांच्या लाकडात कायमचं काही करायला हात धजेना. म्हणून पाचरी. ओकची पाऊण इंची पट्टी घेतली, हॉर्नच्या प्रत्येक तोंडात डॉगहाऊस आणि फळी यांच्यामधलं अंतर उंचीच्या मध्यावर मोजलं, दोन मिलिमीटर जास्त ठेवून तिरप्या कडेची पाचर कापली. दोन्ही टोकांना जुन्या कॅरमच्या पिशवीचं फेल्ट चिकटवलं. रबरी हातोडीने हळूहळू आत सरकवली, फळी जराशी ताणेपर्यंत. गोंद नाही, स्क्रू नाही. उद्या नको असतील तर उलट्या ठोकून काढता येतील.

ताट पुन्हा टेकवलं. १५५ ला गप्प. मग भीमसेनजी लावले. पहिल्यांदा तंबोरा आणि गळा वेगवेगळे ऐकू आले, मधला तो तिसरा गुणगुणणारा नाहीसा झाला. मी आईला हाक मारली. तिने हात पुसत येऊन तळवा फळीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "आता ऐक तुझं गाणं."

बाकीच्या गोष्टी पटकन. पंचेचाळीस-पन्नास हर्ट्झच्या खाली फारसं काही नाही. बायाँची मींड पूर्ण येते, मला तेवढं पुरतं, सबवूफर घेणार नाही. संवेदनशीलता इतकी, की जुन्या ऐंशी वॅटच्या रिसीव्हरचा फुस्स आवाज सोफ्यावर बसून ऐकू यायचा. साठ डॉलरचा वापरलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आता कान हॉर्नजवळ नेल्याशिवाय काही नाही. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालू नका. मधला धातूचा हॉर्न बोटाने वाजवला तर घंटेसारखा वाजतो. बरेच जण त्याला बाहेरून डांबरी पट्टी लावतात. मला गाण्यात अजून तरी त्रास झालेला नाही, म्हणून हात लावला नाही.

उजव्या स्पीकरची बाहेरची फळी अजून १७० च्या आसपास किंचित जाणवते. तिथली पाचर बहुतेक थोडी वर बसली आहे. शनिवारी दोन इंच खाली घेऊन पुन्हा ताट लावणार आहे.