खत-औषधांच्या गोडाऊनमध्ये ईआरपीनेक्स्ट : एक खरीप आणि एक रब्बी उलटल्यावर

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला लागू पडतं की नाही ते तुम्हालाच ठरवता येईल. खतं, कीटकनाशकं आणि बियाण्यांची घाऊक विक्री. तालुक्याला दुकान, दुकानामागे औषधांचं गोडाऊन, बायपासला खताचं मोठं गोडाऊन आणि शेजारच्या बाजारगावात एक शाखा. पैशांचा हिशेब बरीच वर्षं संगणकावरच होता. माल मात्र रजिस्टरमध्ये आणि दिवाणजींच्या डोक्यात. दिवाणजी लग्नाला गेले की अमुक बॅचच्या पेट्या नेमक्या कुठल्या थप्पीत आहेत हे सांगणारा कोणी नसायचा.

ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच ठिकाणी सांभाळणारं, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही मोफत घेऊन वापरता येणारं सॉफ्टवेअर. माणशी परवान्याचे पैसे नाहीत, हे आमच्यासाठी महत्त्वाचं होतं. गोडाऊनवाला, शाखेतला मुलगा, बिलिंगवाले, सीएंचा माणूस अशा सगळ्यांना वेगळं लॉगिन देता आलं, आणि शाखेतल्या मुलाला फक्त त्याच्या शाखेचाच साठा दिसेल असं बंधनही घालता आलं. पण फुकट आहे म्हणून घेऊ नका. सर्व्हरचं भाडं लागतं, आणि खरा खर्च ते नीट बसवून देणाऱ्या माणसाचा असतो.

त्या बसवण्यातच आमचे दोन महिने गेले, बहुतेक सगळे एककांच्या भानगडीत. खताचं बिल येतं टनात, गोडाऊनमध्ये मोजतात पोती. युरियाचं पोतं 45 किलोचं, डीएपीचं 50 किलोचं. म्हणजे 18 टन युरियाची 400 पोती आणि 20 टन डीएपीचीही 400च. युरियाचा एक टन कधीच पूर्ण पोत्यांत बसत नाही, 22 पोती आणि वर थोडं उरतंच. म्हणून मूळ एकक पोतं ठेवायचं, त्यात अपूर्णांक चालणार नाही अशी खूण करायची आणि टन फक्त खरेदीपुरता वापरायचा. औषधांचं तसंच. ज्यांनी आम्हाला बसवून दिलं त्यांनी कीटकनाशकांचं मूळ एकक लिटर धरलं होतं. 100 मिलीच्या बाटल्या विकणाऱ्याला लिटरचा साठा बघून काय कळणार? एकदा व्यवहार झाले की त्या वस्तूचं मूळ एकक बदलता येत नाही, त्यामुळे त्या सगळ्या वस्तू नव्याने उघडाव्या लागल्या. तुम्ही घेणार असाल तर पहिली नोंद करण्याआधी हे एवढं स्वतः बसून तपासा.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते. बॅच. आमच्या धंद्यात बॅच नंबर आणि मुदत हाच खरा माल. इथे आवक घेतानाच बॅच आणि मुदतीची तारीख भरावी लागते, मुदत संपलेली बॅच बिलात घेऊ गेलं तर सॉफ्टवेअर अडवतं, आणि बॅच आपोआप निवडताना आधी संपणारी आधी उचलेल असं ठरवून देता येतं. मुदतीचा रिपोर्ट दर सोमवारी काढतो. कंपन्या परतीचा माल मुदत संपायच्या बऱ्याच आधी मागतात, त्यामुळे आता कपाटाच्या मागच्या बाजूला विसरलेली पेटी निघण्याचे प्रकार जवळजवळ थांबलेत.

रब्बीत कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी एका बॅचला विक्री बंद आदेश दिला. एरवी अशा वेळी रजिस्टरची पानं उलटत अख्खा दिवस गेला असता. बॅच नंबर टाकला, कुठल्या बिलाने आली, शाखेत किती गेली, कुठल्या किरकोळ दुकानदाराला किती दिली, सगळं समोर. शिल्लक होती ती ‘विक्री बंद’ नावाच्या वेगळ्या गोदामात वळवून ठेवली. हे गोदाम फक्त संगणकात आहे. पेट्या जिथे होत्या तिथेच, वर लाल पट्टी लावून. पण बिलिंगवाल्याला त्या विक्रीच्या साठ्यात दिसणं बंद झालं. फाटक्या पोत्यांसाठी आणि परतीच्या मालासाठीही अशीच नावापुरती गोदामं केली आहेत. तूट लिहून टाकायच्या आधी तिथे जमा होते, म्हणजे नेमकी किती आणि कुणाच्या ट्रकमधून आली ते दिसतं.

खरिपात मात्र या सगळ्याची परीक्षा होते. जूनमध्ये रेकचा, म्हणजे रेल्वेच्या मालगाडीने आलेला माल लागला की ट्रक गोडाऊनला टेकायच्या आधी दुकानदारांचे टेम्पो रांगेत उभे असतात. हमाल एका गाडीतून काढून थेट दुसऱ्या गाडीत भरतात. आवक नोंदलेली नाही, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी साठा शून्य, आणि शून्यातून ते बिल करू देत नाही. काउंटरवर आरडाओरडा. उणे साठा चालू करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे आणि सगळे तुम्हाला तेच सुचवतील. आम्ही ती बंदच ठेवली. उणे साठ्यातून विकलं की त्या मालाची खरेदी किंमत अंदाजाने धरली जाते, आणि मागची तारीख घालून आवक टाकली की त्यानंतरचं सगळं मूल्यांकन पुन्हा मांडलं जातं. महिनाअखेरीला नफ्याचा आकडा हलताना बघायचा असेल तर खुशाल चालू करा. आम्ही त्याऐवजी गोडाऊनच्या दारात एका मुलाला लॅपटॉप घेऊन बसवला. बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, हातात आली की आधी आवक, मग हमालाने पोत्याला हात लावायचा. पहिला आठवडा हमालांच्या मुकादमाशी रोज वाद झाला. त्याचीही बाजू होती, त्याची मजुरी पोत्यावर ठरते, थांबण्यावर नाही. शेवटी आवक नोंदवायला वेळ लागला तर वाराईत, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीत, थोडे वाढवून द्यायचं ठरलं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

गोडाऊनमधून शाखेत जाणारा माल आता ‘वाटेत’ म्हणून दिसतो. शाखेने मिळाल्याची नोंद केली तरच तो तिथल्या साठ्यात येतो. पूर्वी ‘पाठवला’ आणि ‘मिळालाच नाही’ यातच अर्धी भांडणं व्हायची. एकदा पक्की केलेली नोंद खोडता येत नाही, रद्द करून नवी करावी लागते आणि जुनीही मागे राहते. दिवाणजींना सुरुवातीला हा अविश्वास वाटला. आता तेच पोरांना ‘रद्द का केलं ते लिही’ म्हणून बजावतात.

जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स नावाची जोडणी वेगळी बसवावी लागते. मालाच्या गाडीसोबत लागणारं ई-वे बिल तिथूनच निघतं. महाराष्ट्राच्या आत एक लाख रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं, आणि खताची गाडी ती मर्यादा सहज ओलांडते. याबद्दल तक्रार नाही.

एक गोष्ट सुटलेली नाही आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटेल असं दिसत नाही. अनुदानित खत शेतकऱ्याला विकताना पॉस मशीनवर आधारचा अंगठा लागतो, आणि आम्ही किरकोळ दुकानदाराला माल दिला तोही सरकारच्या आयएफएमएसवर, म्हणजे खताच्या नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीवर, दाखवावा लागतो. म्हणजे मशीनचा साठा, आमचा साठा आणि प्रत्यक्ष पोती, तिन्ही जुळायला हवीत. हे रोज रात्री दुकान बंद करताना हातानेच जुळवतो. तपासणीत लागतात ती रजिस्टरंही अजून चालूच आहेत.

एकच दुकान, एकच गोडाऊन आणि मालक स्वतः गल्ल्यावर असेल तर एवढ्या पसाऱ्याची गरज नाही, साधं बिलिंग पुरे. दुसरी जागा झाली किंवा मुदतीचा माल वाढला की विचार करा. आणि सुरुवात मार्चनंतर, खरिपाचा माल यायच्या आत करा. आम्ही प्रत्येक थप्पी मोजून सुरुवातीचा साठा टाकला तेव्हा गोडाऊन निम्मं रिकामं होतं, जूनमध्ये ते जमलं नसतं.