पुढच्या चाकांची ब्रेक डिस्क: लेथवर घासायची की नवीच टाकायची?

गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबला की पिकअपचं स्टेअरिंग थरथरतंय? मग हा प्रश्न येतोच.

लेथवर फेसिंग, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, स्वस्त पडतं, कळंबोलीत काम लगेच होतं. पण डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यावर माप त्याखाली जाणार असेल तर विषय संपला. शिवाय पातळ डिस्क लवकर तापते, भरल्या गाडीला ते परवडत नाही. तडा दिसला तर लेथचं नावच नको.

नव्या डिस्कला पैसे जास्त, पण तिथंही लोक घाई करतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीला नवी जोडी बसली आणि थरथर तशीच! चाक उघडलं तर हबवर, म्हणजे डिस्क जिथं टेकते त्या मधल्या भागावर, गंजाची खपली, नखाएवढीच. तारेच्या ब्रशने हब चकाचक केला, गाडी सरळ झाली. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसायचं, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, ब्रेक पॅडही नवेच घालायचे.

मी? जाडी भरपूर असेल तर लेथ. नाहीतर नवी, तीही दोन्ही बाजूंना.